सव्वादोनला दाखल, नऊला मृत्यू

भुलेखाली माणूस दगावला की नातेवाईक थिएटरच्या दाराशी गर्दी करतात आणि एकच विचारत राहतात, ‘आत काय झालं?’ खरं म्हणजे बरंचसं बाहेर, आधीच घडून गेलेलं असतं. रुग्ण शेवटचं कधी जेवला, कधी पडला, कुणी कोणतं इंजेक्शन किती वाजता टोचलं, नंतर त्याच्या उशाशी कोण बसलं होतं. प्रकरण कोर्टात उभं राहतं तेव्हा वकील याच वेळा शोधत बसतात. कागदावर असल्या तर सापडतात, नाहीतर पंधरा-पंधरा वर्षं साक्षीदारांच्या आठवणी उकरत बसावं लागतं.

पंधरा वर्षं हा आकडा हवेतला नाही. पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात १९५३ साली एक तरुण दाखल झाल्यापासून पावणेसात तासांत मरण पावला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तासांचा हिशोब निकालपत्रात मांडला. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ हे नाव आज कायद्याच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं, पण तो दिवस मात्र कुणाला फारसा ठाऊक नसतो. तो दिवस समजून घ्यायचा तर त्याच्या तीन दिवस आधीपासून सुरुवात करावी लागते.

६ मे १९५३, संध्याकाळ. उरले सुमारे चौऱ्याहत्तर तास.

रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत, गुहागरजवळचं समुद्रकाठचं गाव. दौंडला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. गोडबोल्यांचा वीस वर्षांचा मुलगा आनंद आईबरोबर तिथे उतरला होता. किनाऱ्यावर अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. उतरलेलं घर किनाऱ्यापासून दीडेक मैलावर. खाट मागवावी लागली, तिच्यावर घालून त्याला घरी आणलं. त्यात वेळ गेला.

मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात मोठं हाड. ते मोडलं की बाहेर थेंबभर रक्त न दिसताही मांडीच्या स्नायूंत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. आणखी एक गोष्ट घडते, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जबर मार लागला, वेदना आणि भीती अंगात शिरली की जठराचं काम मंदावतं. पोटात जे असेल ते तासन् तास तिथेच राहतं. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं दिली की त्यात भर पडते. म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ अपघाताच्या रुग्णाला ‘शेवटचं कधी खाल्लं?’ एवढंच विचारून थांबत नाही. खाल्ल्यानंतर किती वेळाने मार लागला, हे तो विचारतो. दुपारी एकला जेवून दीडला पडलेल्या माणसाचं पोट रात्री दहालाही भरलेलंच धरायचं असतं.

रात्री ८.३० ते ८.४५.

गावातले डॉक्टर आले. हाताशी जे होतं ते वापरून त्यांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या, पाय हलू नये म्हणून. एवढंच. मला यात दोष दिसत नाही. १९५३ सालच्या कोकणातल्या गावात रात्री पावणेनऊ वाजता याहून अधिक काय करणार?

७ मे फळ्यांतच गेला.

८ मे.

डॉक्टरांनी मॅकिन्टायर स्प्लिंट मिळवली आणि पायाला लावली.  म्हणजे गावच्या डॉक्टराने, उशिरा का होईना, योग्य तेच केलं. मुलाला पुण्याला न्यायचं ठरलं. अंतर सुमारे दोनशे मैल, वाहन टॅक्सी. आई आणि ते डॉक्टर सोबत. कोकणातून घाट चढून पुणं गाठायला सुमारे अकरा तास लागले. मोडलेल्या मांडीने अकरा तास टॅक्सीत काढणं काय असतं, हे ज्याने आडव्या पडलेल्या रुग्णाला आपल्या रस्त्यांवरून जीपमधून नेलं आहे त्याला सांगायला नको.

९ मे. उरला एक दिवसही नाही.

पुण्यात आधी ताराचंद रामनाथ रुग्णालय. तिथे क्ष-किरणाखाली पाय पाहिला. हाडाची दोन टोकं एकमेकांवर चढलेली होती. पिन घालून वजन लावावं लागेल, असं निदान झालं. हाडातून खिळ्यासारखी पिन आरपार घालायची, तिला दोरीने वजन बांधायचं आणि आखडलेल्या स्नायूंना दमवत दमवत, दिवसांच्या हिशोबाने हाड जागेवर आणायचं, अशी ती पद्धत. घाई नाही, ओढाताण नाही. तिथून मुलाला डॉ. जोशी यांच्या रुग्णालयात नेलं.

दुपारी २.१५. उरले पावणेसात तास.

डॉ. जोशी त्या वेळी रुग्णालयात नव्हते. त्यांच्या सहायक डॉक्टरांनी मुलाला दाखल करून घेतलं. थोड्या वेळाने डॉ. जोशी आले, त्यांनी वरवर तपासलं आणि सूचना दिली : एक अष्टमांश ग्रेन मॉर्फिया आणि एक दोनशांश ग्रेन हायोसिन, अशी दोन इंजेक्शनं, एकेका तासाच्या अंतराने.

सहायकांनी एकच दिलं.

आजच्या मापात हे मॉर्फिन साधारण ८ मिलिग्रॅम भरतं. अंथरुणावर पडलेल्या माणसाची वेदना त्याने सुसह्य होईल, त्याला गुंगीही येईल. मोडकी मांडी ताणायची असेल तर मात्र ही भूल नव्हे. वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचे स्नायू मोडलेल्या हाडाभोवती किती घट्ट आवळलेले असतात, ते एकदा पाहिलं की विसरत नाही. त्या आवळलेपणावर मॉर्फिनचा काही इलाज नाही. त्यासाठी पूर्ण भूल लागते, स्नायू सैल पडावे लागतात.

दुसरं इंजेक्शन का दिलं नाही, एवढाच प्रश्न असता तर प्रकरण इतकं गाजलंच नसतं. एका इंजेक्शनाच्या आधाराने पुढच्या दोन-तीन तासांत काय केलं गेलं, हा खरा वाद होता.

त्यानंतर.

तळमजल्यावर क्ष-किरण खोली. पायाचे दोन फोटो काढले. मग वरच्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर. मुलगा तिथे तासाभराहून थोडा जास्त वेळ होता. म्हणजे साधारण सव्वाचारच्या सुमारास तो आत गेला असावा.

सव्वाचार ते ५.३०.

या सव्वा तासाच्या दोन हकिकती आहेत.

डॉक्टरांची हकिकत अशी : रुग्ण लांबच्या प्रवासाने थकलेला होता, हाड जागेवर बसवायची ही वेळ नव्हती, म्हणून ते काम पुढे ढकललं, पाय हलू नये एवढ्यासाठी हलकासा ताण देऊन प्लास्टरच्या पट्ट्यांत ठेवला. आईवडिलांची हकिकत अशी : तीन परिचरांना हाताशी धरून पाय जोर लावून ओढला, हाड बसवण्याचा प्रयत्न केला, आणि हे सगळं पूर्ण भूल न देता केलं.

दोन्ही हकिकतींच्या मध्ये भूल उभी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पूर्ण भूल न देण्यामागे भीती असू शकते आणि ती भीती खोटी नाही. माणूस जागा असतो तेव्हा पोटातलं वर आलं तर तो खोकतो, गिळतो, ठसका लागतो. श्वासनलिकेचं दार आपोआप मिटतं. भूल दिली की हा पहारा उठतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची पकड सैल होते, जठरातलं अन्न आणि आम्ल घशात येतं आणि कुणाला कळायच्या आत फुप्फुसात उतरतं. डॉक्टरांच्या भाषेत ‘अ‍ॅस्पिरेशन’. अन्नाचा घट्ट गोळा अडकला तर दोन-चार मिनिटांत खेळ खलास. नुसतं आम्लपाणी गेलं तर फुप्फुसं आतून भाजतात, धाप लागते, ओठ-नखं निळी पडतात, छातीत घरघर सुरू होते. कधी लगेच, कधी काही तासांनी. सुरुवातीला बरा वाटणारा रुग्ण रात्री अचानक ढासळतो तो यामुळेही.

हे भय भुलेच्या इतिहासाइतकंच जुनं आहे. इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी २८ जानेवारी १८४८ रोजी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली मेली. तिला शुद्धीवर आणायला तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली होती. क्लोरोफॉर्म प्रचारात आणणारे जेम्स सिम्प्सन यांनी म्हटलं, ती क्लोरोफॉर्मने नव्हे, त्या पाण्याने आणि ब्रँडीने गुदमरून मेली. त्यांचा स्वार्थ उघड होता, तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. पण बेशुद्धाच्या तोंडात काही ओतू नये, ही गोष्ट तेव्हापासून नोंदली गेली आहे.

न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली या भयाचा हिशोबच मांडला. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ गरोदर स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. भुलेत पोटातलं फुप्फुसात गेल्याची ६६ प्रकरणं सापडली. दोघी मेल्या, दोघीही घट्ट अन्न अडकून गुदमरल्या. मग त्यांनी सशांच्या फुप्फुसात आम्ल सोडून पाहिलं आणि आम्लच घात करतं हे दाखवलं. ‘उपाशी पोटी या’ हा आज प्रत्येक रुग्णालयात ऐकू येणारा हुकूम बऱ्याच अंशी त्या कामातून निघाला. ब्रायन सेलिक यांनी १९६१ साली गळ्यावर बोटांनी दाब देऊन अन्ननलिका मिटवण्याची युक्ती सांगितली. आता तिच्या उपयोगाबद्दलही शंका घेतली जाते.

म्हणजे पुण्याच्या त्या दुपारी डॉक्टरांनी पूर्ण भूल टाळली असेल, तर त्याला वैद्यकीय कारण असू शकत होतं. मुलगा तीन दिवसांचा जखमी, अकरा तासांच्या प्रवासाने गळालेला, पोटाचं काय ते कुणास ठाऊक. अशा रुग्णाला भूल न देणं हा शहाणपणा ठरू शकतो. पण मग हातही लावायचा नाही. पिन घाला, वजन बांधा, दोन दिवस थांबा. हाड ओढून बसवायचंच असेल तर भूल द्या, आणि भूल द्यायची तर पोट भरलेलं आहे असं धरून सगळी तयारी ठेवा. तिसरा मार्ग नव्हता. न्यायालयाने पुराव्यावरून जे मानलं ते असं, की तिसराच मार्ग धरला गेला.

संध्याकाळी ५.३०. उरले साडेतीन तास.

मुलाला खोलीत आणलं. सात वाजेपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल, असं आश्वासन वडिलांना मिळालं. ते स्वतः डॉक्टर, आश्वासनाचा अर्थ त्यांना कळत होता. ते दौंडला निघून गेले. आई खोलीत थांबली.

६.३०. उरले अडीच तास.

मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय, खोकला येतोय, हे आईच्या लक्षात आलं.

निकालपत्रात हे एका वाक्यात येऊन जातं. मी मात्र इथे अडतो. थिएटरातून बाहेर आणलेल्या, मॉर्फिया दिलेल्या, नुकताच पाय ओढून प्लास्टर घातलेल्या मुलाच्या श्वासाकडे पहिली नजर गेली ती आईची. नाडी किती, श्वास किती, रक्तदाब किती, याची दर पंधरा मिनिटांनी कुणी नोंद करत होतं, असं या हकिकतीत कुठे येत नाही. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र तेव्हा नव्हतंच. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी त्याचं तत्त्व मांडलं १९७०च्या दशकात. पण श्वास मोजायला यंत्र लागत नाही. घड्याळ लागतं आणि शेजारी बसलेला माणूस लागतो.

ही गोष्ट तर खुद्द आपल्या निजामाच्या राज्यात सांगितली गेली होती. हे ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांचं, आज धाराशिव जिल्ह्यात असलेलं जळकोट, नळदुर्ग, सगळा परिसर तेव्हा हैदराबाद संस्थानात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पैशाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म आयोग बसले. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले, दुसऱ्या वेळी लंडनहून ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना धाडलं. हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या त्या कामात होत्या. भूल देण्याचं शास्त्र शिकलेल्या जगातल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. आयोगाचा निष्कर्ष होता की क्लोरोफॉर्ममध्ये आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, म्हणून नाडीपेक्षा श्वासाकडे डोळे लावून बसा. शास्त्र म्हणून तो अर्धवट चुकला. क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडतो हे पुढे गुडमन लेव्ही यांनी दाखवलं. उपदेश मात्र आजही तसाच्या तसा लागू आहे.

सहायक डॉक्टरांनी डॉ. जोशींना बोलावलं. तातडीचे उपचार सुरू झाले.

रात्री ९.००.

मुलगा गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं : फॅट एम्बोलिझम. मोडलेल्या हाडाच्या मगजातली चरबी रक्तात शिरते, फुप्फुसांत आणि मेंदूत अडकते.

इथे डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मांडीचं हाड मोडल्यावर एक ते तीन दिवसांत हा प्रकार होऊ शकतो, आणि अचानक धाप लागणं हे त्याचं नेहमीचं लक्षण. अपघात ६ तारखेचा, मृत्यू ९ तारखेचा. नुसता कॅलेंडरवरचा हिशोब पाहिला तर दाखल्यावरचं कारण अगदीच अशक्य नव्हतं. तरीही ते टिकलं नाही. पाय ओढला गेला आणि तो भूल न देता ओढला गेला हे एकदा सिद्ध झाल्यावर, त्याच संध्याकाळी आलेल्या मृत्यूला दुसरं कारण शोधण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही.

नंतरचे तास : पंधरा वर्षं, सात दिवस कमी.

आईवडिलांनी नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला. खालच्या न्यायालयाने डॉक्टरांचा निष्काळजीपणा मान्य करून ३,००० रुपये भरपाई दिली. मुंबई उच्च न्यायालयाने निष्कर्ष कायम ठेवला : पूर्ण भूल दिली नाही, मॉर्फियाच्या एका इंजेक्शनावर भागवलं, तीन परिचरांकरवी जास्त जोर लावून पाय ओढला, त्यातून धक्का बसून मृत्यू आला, फॅट एम्बोलिझम हे खरं कारण झाकण्यासाठी पुढे केलेलं पांघरूण. धक्का म्हणजे मनाला बसलेला नव्हे, रक्ताभिसरण कोसळून पडणं. सर्वोच्च न्यायालयात न्या. शेलत यांनी २ मे १९६८ रोजी निकाल दिला, डॉक्टरांचं अपील फेटाळलं. रुग्ण घ्यायचा की नाही, उपचार कोणता करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. सर्वोच्च दर्जाचं कौशल्य कायदा मागत नाही, अगदी सुमार दर्जाचंही चालवून घेत नाही. त्या परिस्थितीत रास्त असेल तेवढी काळजी मागतो. वैद्यकीय हलगर्जीपणावरचा जवळजवळ प्रत्येक निकाल आजही या परिच्छेदाजवळ येऊन थांबतो.

तीन हजार रुपये. मुलाच्या जिवाची किंमत म्हणून नव्हे, हे मान्य. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. वडील डॉक्टर होते म्हणून पिन, प्लास्टर, मॉर्फियाची मात्रा, भूल या शब्दांत भांडू शकले. जळकोटच्या वीटभट्टीवरचा बाप काय म्हणून भांडला असता?

पुढे वाट थोडी सोपी झाली. १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. आता तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, मुदत दोन वर्षांची. फौजदारी बाजू वेगळी. २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ढोबळ, अक्षम्य हलगर्जीपणा असेल तरच डॉक्टरवर गुन्हा, तोही दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घेऊन. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हलगर्जीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे संरक्षण मला योग्य वाटतं. भुलेत पोटातलं फुप्फुसात जाणं हा स्वतः गुन्हा नाही. उत्तम भूलतज्ज्ञाच्या हातूनही ते घडतं. जेवणाची वेळ विचारलीच नाही, सक्शन यंत्र बंद होतं, भरल्या पोटाच्या रुग्णाला नळी न घालता भूल दिली, थिएटरबाहेर आणल्यावर कुणी पाहिलं नाही, हे हलगर्जीपणाचे मुद्दे. रुग्णालयाची तोडफोड करणाऱ्यांना हा फरक ठाऊक नसतो, आणि त्या तोडफोडीत पुराव्याचे कागदही जातात.

आणि आता, जळकोट.

तुळजापूर तालुक्यातलं जळकोट सोलापूर-हैदराबाद महामार्गावर. रस्ता चांगला म्हणून वाहनं सुसाट, आणि वळणावर, चौकात, फाट्यावर अपघात. जखमीला नळदुर्गला न्यायचं, तिथून सोलापूरच्या सिव्हिलला. पालशेत ते पुणे अकरा तास लागले होते. इथे मोकळा रस्ता मिळाला तर तास-सव्वा तास. अंतर कमी झालं, पण त्या तासात घडणारी एक गोष्ट जशीच्या तशी आहे. मोटारसायकलवरून पडलेला पोरगा कळवळत असतो. कुणीतरी टपरीवरून पाण्याची बाटली आणतं. कुणी म्हणतं, “अरे, च्या पाज की त्याला, गळून गेलाय.” वाटेत कुणी शहाळं फोडून देतं, ग्लुकोजचा पुडा घोळून पाजतं. सगळं मायेपोटी. सिव्हिलला पोचल्यावर डॉक्टर विचारतात, “काही खाल्लंय-प्यायलंय का?” आणि मामा घाईघाईने सांगतो, “नाही साहेब, सकाळपासून पोटात काही नाही.” उपाशी म्हटलं की ऑपरेशन लवकर होईल, एवढाच त्याचा हिशोब.

ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी साधा नियम असा : साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, मटण-भाकरी किंवा तळलेलं जेवण असेल तर आठ तास. चहात दूध असतं, म्हणून तो पाण्यात धरायचा नाही. अपघातात हा नियम लागूच पडत नाही, कारण पोट मार लागला त्या क्षणी थबकलेलं असतं. तिथे भूलतज्ज्ञ भरल्या पोटाची तयारी करूनच भूल देतो : आधी ऑक्सिजन, सक्शन हाताशी, भूल दिल्याबरोबर श्वासनलिकेत फुगा असलेली नळी. किंवा जमेल तिथे कमरेखालची भूल, किंवा थांबणं. पण ही निवड त्याला खरी माहिती मिळाली तरच करता येते. ब्रिटनमध्ये भुलेतल्या श्वासमार्गाच्या दुर्घटनांच्या देशभरच्या पाहणीचा अहवाल २०११ साली आला, तेव्हा अशा मृत्यूंमध्ये अ‍ॅस्पिरेशन हे सगळ्यात जास्त आढळलेलं कारण होतं. तिथली यंत्रणा आपल्याहून कितीतरी भक्कम, तरीही.

म्हणून जळकोटच्या, नळदुर्गच्या, अणदूरच्या लोकांना एक विनंती. अपघातातल्या माणसाला वाटेत काही पाजू नका, फार तर ओठ ओले करा. १०८ ला फोन करा. एखाद्या पोराला मोबाइलवर तीन वेळा लिहून घ्यायला सांगा : शेवटचं खाल्लं कधी, पडला कधी, रुग्णालयात पोचला कधी. काही पाजलं गेलं असेल तर तेही लिहा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला स्वतः भेटून सांगा, लाजू नका. ऑपरेशननंतर खोलीत आणल्यावर माणूस घोरतोय, खोकतोय, धापा टाकतोय असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, नर्सला तिथल्या तिथे बोलावून आणा. काही विपरीत घडलंच तर केसपेपरची, भुलेच्या तक्त्याची आणि नर्सच्या नोंदींची प्रत लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागते. उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांनंतर ते कागद जपून ठेवायला डॉक्टर बांधील नाही. मागायचे तर त्याआधी मागा.